रेणू राहतो कुठे?

30 जानेवारी 2020 रोजी देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाचे निदान केरळमध्ये झाले. त्या रुग्णाच्या घशातून घेतलेला नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचा थेंब बारीक जाळीवर घेतला, टंगस्टनच्या संयुगाने रंगवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सगळ्या शोधाशोधीत विषाणूचे जेमतेम सात कण हाती लागले. त्यातला एक विशेष चांगला टिकला होता. त्याचा व्यास होता 75 नॅनोमीटर, आणि कडेला टोकाशी गोल होत गेलेले काटे स्पष्ट दिसत होते. मार्चच्या अखेरीस, टाळेबंदी नुकतीच लागली असताना, हे चित्र ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आले. ज्याच्या भीतीने देश घरात बसला होता, त्याचे रूप पुण्याच्या प्रयोगशाळेने दाखवले.

ते काम मोलाचेच होते, पण त्या चित्रापाशी थांबले तर पुढचे प्रश्न तसेच राहतात. विषाणूवर काटे एकूण किती, आणि ते ताठ असतात की वाकतात? पेशीत शिरल्यावर तो आपल्या प्रती नेमक्या कुठे बसून काढतो? त्या प्रती तिथून बाहेर कशा पडतात? यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्याच वर्षी मिळाली, मात्र वेगळ्या वाटेने. त्या वाटेवर नमुना वाळवायचा नाही आणि रंगवायचाही नाही. तो क्षणात गोठवायचा, निरनिराळ्या कोनांतून त्याची चित्रे घ्यायची आणि संगणकाच्या मदतीने त्यांतून त्रिमित आकृती उभी करायची. केंब्रिजच्या जॉन ब्रिग्ज यांच्या गटाला एका विषाणूवर सरासरी 24 काटे मोजता आले. मार्टिन बेक आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना काट्याच्या देठात तीन सांधे दिसले. खुबा, गुडघा आणि घोटा अशीच नावे त्यांनी त्यांना दिली. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने उंदरांच्या एका करोनाविषाणूवर काम केले. विषाणू पेशीत दुहेरी पडद्याच्या पिशव्या तयार करतो आणि त्यांच्या आत दडून आपला आरएनए छापतो. त्या पिशव्यांना भोक पाडणारी रेणूंची जुळणी लायडनकरांनी पिशवीच्या पडद्यातच, तिच्या मूळ जागी पाहिली. छापलेला आरएनए बाहेर येतो तो याच दारातून, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या तंत्राला क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफी म्हणतात. पेशी न फोडता तिच्यातल्या रेणूंचा ठावठिकाणा लावणे हे त्याचे काम आणि तोच या पुस्तकाचा विषय.

मी सारसोळ्यात राहते. नेरुळच्या कडेचे हे कोळी-आगऱ्यांचे गाव आज सिडकोच्या सेक्टरांनी वेढलेले आहे, पण पाम बीच रस्ता ओलांडला की खाडी, खारफुटी आणि जेट्टी अजून आहेत. ओहोटीला चिखलात निवट्या दिसतात. बाजारात टोपलीतली निवटी हातात घेऊन तिची लांबी, तिचे पर, तिचे कल्ले यांचे वर्णन करता येईल. ती बिळातून कधी निघते, पाणी चढले की कुठे जाते, तिच्या शेजारी कोण राहते, हे मात्र चिखलात उतरणाऱ्यालाच कळते. रेणूंचा अभ्यास बराच काळ टोपलीतल्या निवटीवर चालला. पेशी फोडायची, हवे ते प्रथिन गाळून शुद्ध करायचे आणि त्याची रचना अणूअणूपर्यंत शोधायची. या पद्धतीने जीवशास्त्राला प्रचंड काही दिले. अनेक औषधांचा पाया तिच्यावर उभा आहे, आणि तिला कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण पेशी फुटली त्या क्षणी त्या प्रथिनाचे शेजारी गेले, पडदे फाटले, दाटी विरली. पेशीद्रव्याच्या एका मिलिलिटरमध्ये दोन-तीनशे मिलिग्रॅम प्रथिने कोंबलेली असतात. त्या गर्दीत रेणू ज्यांना टेकून उभा असतो, त्यांच्यावर त्याचे काम अवलंबून असते.

साधा प्रकाश इथे कामाचा नाही. दोन बिंदूंमध्ये सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर नेहमीचा सूक्ष्मदर्शक ते वेगळे दाखवू शकत नाही. पेशीत प्रथिने घडवणारा रायबोसोम तर जेमतेम 20 ते 30 नॅनोमीटरचा. 1931 मध्ये बर्लिनमध्ये मॅक्स नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन आणि काचेच्या भिंगांऐवजी चुंबकीय भिंगे वापरली. तीन लाख व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नॅनोमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी भरते. 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कीथ पोर्टर, आल्बेर क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या गर्भातल्या अख्ख्या पेशीचे पहिले इलेक्ट्रॉन चित्र घेतले. दहा वर्षांनी जॉर्ज पलाडी यांनी पुढे रायबोसोम म्हणून ओळखल्या गेलेल्या कणांचे वर्णन केले. आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात पेशीची जी आकृती असते, तिचा बराचसा भाग या दशकात काढला गेला.

भारतात 1940 च्या दशकात निरजनाथ दासगुप्तांनी कोलकात्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. मुंबईतली कथा परळला सुरू होते आणि ती मराठी वाचकाला नीट माहीत असायला हवी. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी टाटा स्मारक रुग्णालयातल्या विकृतिशास्त्राच्या कामातून कर्करोग संशोधनाची परंपरा उभी केली. 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. खानोलकरांच्या सहकारी डॉ. सत्यवती सिरसाट यांनी लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन परळला या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली. 1960 मध्ये खानोलकर आणि सिरसाट यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि रुग्णाला तोंड उघडता येईनासे होते, असा एक आजार आपल्याकडे फार आढळतो. त्याचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतले कॅप्सेसीन लावले आणि ऊतींत होणारे बदल साध्या व इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांतून तपासले. पुढच्या संशोधनात या आजाराचे मुख्य कारण म्हणून सुपारी पुढे आली. पण इथल्या माणसांच्या तोंडातल्या रोगाचा माग पेशी आणि तंतूंच्या पातळीवर घ्यायचा, तोही त्या काळात आणि मुंबईत, हे धाडस मला फार मोठे वाटते. हीच कर्करोग संशोधन संस्था 2002 मध्ये परळहून खारघरला आली. अ‍ॅक्ट्रेक या नावाने ती ओळखली जाते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची सोय तिथे आजही आहे. सारसोळ्यातून महामार्गाने निघालेल्या माणसाला ती दूर नाही.

त्या पिढीचे हातचे काम कसे असे, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ऊतीचा तुकडा ग्लुटाराल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये मुरवायचा. अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी त्यातले पाणी काढायचे. मग तो राळेत घट्ट करायचा आणि मायक्रोटोमवर काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने कापायचा. छेद सुरीमागच्या छोट्या कुंडातल्या पाण्यावर तरंगत येतात. त्यांची जाडी पट्टीने मोजता येत नाही, ती रंगावरून ओळखायची. रुपेरी दिसला तर साठ-सत्तर नॅनोमीटर, सोनेरी झाला तर शंभराच्या आसपास, जांभळा म्हणजे जाड, टाकून द्या. काडीच्या टोकाला चिकटवलेल्या पापणीच्या एका केसाने हे छेद हळूच ढकलून एकत्र करायचे आणि तांब्याच्या जाळीवर उचलायचे. मग युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायचे, कारण पेशीतले कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना फारसे अडवत नाहीत. चित्रात जे काळे दिसते ते बहुतांशी या जड धातूंचे. प्रथिन स्वतः दिसत नाही, त्याला चिकटलेला धातू दिसतो.

एखादे ठराविक प्रथिन शोधायचे तर त्याला ओळखणारे प्रतिपिंड घ्यायचे आणि त्याला दहा-एक नॅनोमीटरचा सोन्याचा कण जोडायचा. 1971 मध्ये आलेली ही युक्ती आजही वापरात आहे. सोन्याचा गोल काळा ठिपका चित्रात ओळखायला चुकत नाही. पण प्रतिपिंडालाही लांबी असते, त्यामुळे ठिपका लक्ष्यापासून पंधरा-वीस नॅनोमीटर सरकलेला असू शकतो. रायबोसोमच्या मापाने पाहिले तर तो शेजारच्या घरावर पडला. शिवाय छेदाच्या पोटात दडलेल्या लक्ष्यापर्यंत प्रतिपिंड पोचतच नाही. ठिपका दिसला नाही म्हणून प्रथिन नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण सपाटपणाची. इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात, त्यामुळे वरचे-खालचे सगळे एकाच चित्रात एकमेकांवर पडते. 1968 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड डीरोझिए आणि आरन क्लुग यांनी जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या टी-4 विषाणूच्या शेपटीची त्रिमित रचना सपाट चित्रांतून गणिताने काढून दाखवली. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनमागचे तत्त्वही हेच: निरनिराळ्या दिशांनी पडलेल्या छायांवरून मूळ वस्तू उभी करायची. फरक इतकाच की सीटीमध्ये यंत्र रुग्णाभोवती फिरते आणि इथे नमुना तिरका करावा लागतो. एकेक, दोन-दोन अंशांनी तो झुकवत एका बाजूला साठ अंश आणि दुसऱ्या बाजूला साठ अंश इतपत जाता येते. त्यापलीकडे इलेक्ट्रॉनांना पार करावी लागणारी जाडी फार वाढते. उरलेल्या कोनांतली माहिती कधीच मिळत नाही. म्हणून टोमोग्राममध्ये गोल पिशवीच्या बाजूच्या भिंती ठळक आणि वरचा-खालचा भाग पुसट किंवा गायब दिसतो. नवखा विद्यार्थी त्या पिशवीला तोंड आहे असे समजतो. टोमोग्राम वाचायला शिकणे म्हणजे आधी हे शिकणे.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट पाण्याची. पेशीत सत्तर टक्के पाणी, आणि सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात. पाणी तसेच ठेवले तर उडून जाते, काढून टाकले तर पेशी आक्रसते आणि सावकाश गोठवले तर बर्फाचे स्फटिक तिला भोसकतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हायडेलबर्गच्या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जाक दुबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर शोधले. नमुन्याचा पातळ पापुद्रा द्रवरूप इथेनमध्ये झटक्यात बुडवायचा. इथेन स्वतः द्रव नायट्रोजनने थंड केलेले असते. नायट्रोजनमध्येच का बुडवत नाहीत? कारण तो नमुन्याभोवती उकळतो, वायूचा थर तयार होतो आणि थंडी आत पोचायला उशीर होतो. इथेनमध्ये पाण्याच्या रेणूंना स्फटिकाची रांग लावायला वेळच मिळत नाही. ते जिथल्या तिथे, काचेसारख्या अवस्थेत थिजतात आणि पेशी त्या क्षणी जशी होती तशी राहते. 2017 चे रसायनशास्त्राचे नोबेल दुबोशे, जोआकिम फ्रँक आणि रिचर्ड हेन्डरसन यांना मिळाले, त्यातला दुबोशेंचा वाटा हाच.

गोठवलेल्या पेशीवर इलेक्ट्रॉनांचा मारा मात्र जपूनच करावा लागतो, नाहीतर रेणू जळतात. मारा कमी म्हणून चित्र धूसर. त्यात माणसाची पेशी दहा-वीस मायक्रोमीटर जाड, तिच्यातून इलेक्ट्रॉन पार होत नाहीत. म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला वोल्फगांग बाउमायस्टर यांच्या गटाने दोन दशके चिवटपणे या अडचणींशी झुंज दिली. 2002 मध्ये त्यांनी एका अमिबासदृश जीवाच्या गोठवलेल्या पेशीतले अ‍ॅक्टिनचे जाळे, रायबोसोम आणि पडदे त्रिमितीत दाखवले. तेव्हा पेशीच्या पातळ कडाच पाहता येत. नंतर गॅलियम आयनांचा झोत आला. त्याने पेशीचा वरचा-खालचा भाग खरवडून मध्ये दीड-दोनशे नॅनोमीटरची चकती उरवता येते. तिला लॅमेला म्हणतात. पेशीचा जवळजवळ सगळा भाग यात उडून जातो, म्हणून हवी ती घटना उरलेल्या चकतीत सापडेल याची खात्री नसते. आधी चमकणाऱ्या प्रथिनाच्या प्रकाशावरून जागा हेरून मग तिथेच खरवडायचे, हा त्यावरचा उपाय.

इतके झाल्यावर समोर येते ते करडे, दाणेदार, गच्च भरलेले आकारमान. त्यात रेणू ओळखायचा कसा? ज्ञात रचनेचा साचा घेऊन संगणक तो टोमोग्रामच्या प्रत्येक जागी, प्रत्येक दिशेने फिरवून जुळतो का पाहतो. जुळलेले शेकडो-हजारो तुकडे काढून, एका दिशेला आणून त्यांची सरासरी घेतली की धूसरपणा विरतो आणि तपशील वर येतो. इथे मोठा धोका आहे. हेन्डरसन यांनी 2013 मध्ये त्यावर बोट ठेवले: नुसत्या गोंगाटाच्या हजार चित्रांना आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी जुळवून सरासरी काढली, तर सरासरीत आइन्स्टाइनच दिसतो. जे शोधायला निघालो तेच सापडते, मग ते तिथे असो वा नसो. म्हणून सापडलेल्या रेणूत साच्यात न दिलेला काही तपशील उमटला का, हे तपासावे लागते. ही कडक तपासणी मला या शास्त्राचा सर्वांत आदरणीय भाग वाटतो, आणि पुस्तकात तिला एक अख्खे प्रकरण दिले आहे.

मूळ जागी पाहिल्याने काय बदलले, याची दोन उदाहरणे इथेच देते. क्षयाच्या जंतूच्या कुळातल्या जीवाणूंना बाहेरून आणखी एक स्निग्ध पडदा असावा, असा रासायनिक पुराव्यावरून अनेकांचा कयास होता. वाळवलेल्या छेदांत तो नीट दिसत नसे. अल्कोहोलमध्ये स्निग्ध थर टिकणार तरी कसे? 2008 मध्ये मार्टिन्सरीडच्या गटाने गोठवलेले जंतू तपासले. त्यात बीसीजी लशीत वापरतात तो जंतूही होता. त्यांत बाहेरचा दुपदरी पडदा सरळ दिसला. क्षयावरच्या औषधाला ही भिंत ओलांडावी लागते. ज्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वांत जास्त आहेत, त्या देशातल्या विद्यार्थ्याला ही भिंत माहीत असावी.

दुसरे उदाहरण एचआयव्हीचे. या विषाणूचे शंकूसारखे कवच रुंद टोकाला सुमारे 60 नॅनोमीटर असते. केंद्रकाच्या आवरणातली छिद्रे पेशीतून काढलेल्या आवरणावर मोजली तेव्हा चाळीसेक नॅनोमीटर भरली होती. तेव्हा कवच आधी पेशीद्रव्यात फुटत असणार आणि आतला ऐवजच केंद्रकात जात असणार, असे मानले गेले. 2021 मध्ये हायडेलबर्गच्या गटाने संसर्ग झालेल्या टी-पेशींचे टोमोग्राम प्रसिद्ध केले. जिवंत स्थितीत गोठवलेल्या पेशीत छिद्र सुमारे 64 नॅनोमीटर रुंद होते आणि त्यात अडकलेली अख्खी कवचे दिसत होती. पेशीबाहेर काढल्यावर छिद्र आकसले होते आणि त्या आकसलेल्या मापावरून आपण विषाणूचा प्रवास ठरवला होता. याच कवचाला लक्ष्य करणारे लेनाकापाविर हे औषध 2022 मध्ये वापरात आले.

त्याच सुमारास, 2021 मध्ये, मायकोप्लाझ्मा या चिमुकल्या जीवाणूच्या आतल्या रायबोसोमची रचना 3.5 अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे 0.35 नॅनोमीटरपर्यंत, काढली गेली आणि त्यात बसलेला क्लोरॅम्फेनिकॉलचा रेणूही दिसला. टायफॉइडवर एकेकाळी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे हे प्रतिजैविक पेशीत आपल्या कामाच्या जागी बसलेले पाहायला मिळाले. मात्र आजही इतका तपशील मोठ्या आणि भरपूर संख्येने असलेल्या रेणूंपुरताच मिळतो. लहान आणि विरळ प्रथिने अजून गर्दीत हरवतात, आणि त्यांना शोधायच्या वाटा नव्या पिढीने काढायच्या आहेत.

या यंत्रांच्या किमती कोट्यवधींत जातात. बंगळुरूला राष्ट्रीय क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन सुविधा आहे, आणि विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने अशा सुविधांसाठी निवडलेल्या संस्थांत पवईची आयआयटी आहे. पण शोधाचा अर्धा भाग आता यंत्रापाशी नसून संगणकापाशी आहे. बरेच टोमोग्राम जगाला मोफत खुले आहेत. युरोपातल्या एम्पिअर संग्रहात मूळ चित्रे मिळतात. कोलोराडोत तयार झालेली आयमॉड ही प्रणाली विनामूल्य आहे. 2024 च्या अखेरीस चॅन-झुकरबर्ग संस्थेने एक स्पर्धा जाहीर केली, तिच्यात टोमोग्रामातल्या रायबोसोम, फेरिटिन, थायरोग्लोब्युलिन अशा कणांच्या जागा शोधायच्या होत्या. भाग घ्यायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

म्हणून नेरुळ, वाशी, खारघरच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र, भौतिकी किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे: हे पुस्तक एका बाजूला उघडे ठेवा आणि दुसऱ्या बाजूला एक खरा टोमोग्राम उघडा. पहिल्या संध्याकाळी करड्या दाण्यांखेरीज काही दिसणार नाही. आधी पडदे शोधा, मग पडद्याला लागून असलेले गडद रायबोसोम. त्यांच्यावर एकेक खूण करत जा आणि मग तिसरे प्रकरण वाचायला घ्या.